प्रोजेक्ट दोघांचा, टेस्टिंग एकटीचं?

लग्नाला एक वर्ष झालं की 'गुड न्यूज' या शब्दाचा अर्थ बदलतो. त्याआधी प्रमोशन, ऑनसाइट, फ्लॅटचं पझेशन, काहीही गुड न्यूज असू शकतं. वर्षानंतर मात्र एकच. आमच्या गोंदियाकडे तर इंग्रजीचीही भानगड नाही. नात्यातल्या मोठ्या बायका सरळ विचारतात, "काहून बाप्पा, काही हाये का नाही अजून?" पुण्यात हाच प्रश्न जरा इस्त्री करून येतो, "मग, पुढचं काय प्लॅनिंग?" प्रश्न तोच. आणि गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणी विचारणाऱ्याची नजर जाते बायकोकडे. नवरा शेजारीच चहा पीत बसलेला असतो, पण त्याचा या प्रकरणाशी काही संबंध असेल असं कुणाला वाटत नाही.

आजचा विषय हाच. पहिल्या बाळासाठी प्रयत्न करणारं जोडपं, आणि त्यातल्या एकट्या बाईलाच पेशंट करून टाकायची आपली पद्धत. विषय खाजगी आहे, म्हणून बायकोला विचारून लिहितोय. तिने मसुदा वाचून दोन वाक्यं कापली आणि म्हणाली, "बाकी राहू दे, कुणाला तरी उपयोग होईल." तर मंडळी, जे खाली आहे ते सेन्सॉर होऊन आलेलं आहे.

आधी थोडं गणित, कारण सवय जात नाही.

बीज बाहेर पडल्यावर ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र आत ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे गर्भधारणा होऊ शकेल अशी खिडकी महिन्यातून साधारण ६ दिवसांची असते: बीज सुटायचा दिवस आणि त्याआधीचे ५ दिवस. हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून पक्कं झालं. बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी. चक्र २८ दिवसांचं असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, ३२ दिवसांचं असेल तर अठराव्या दिवसाच्या आसपास. 'चौदावा दिवस' सगळ्यांना सरसकट लागू करणारे लोक चक्राची लांबी विचारतच नाहीत.

आता ही खिडकी बरोबर साधली, दोघंही तरुण आणि निरोगी, तरी एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता असते २० ते २५ टक्के. फक्त! ज्यांनी आयुष्यभर 'एका चुकीने आयुष्य बरबाद' टाईपचे सिनेमे बघितलेत त्यांना हा आकडा फार कमी वाटतो. पण आहे तो तसाच आहे. दर महिन्याला २० टक्के धरले तर ६ महिन्यांत १०० पैकी ७४ जोडप्यांना यश यायला हवं आणि वर्षभरात ९३ जणांना. प्रत्यक्षात वर्षअखेर साधारण ८४ च होतात. कारण सगळ्यांचे २० टक्के सारखे नसतात. ज्यांचे जास्त असतात ते लवकर यादीतून बाहेर पडतात, आणि मागे राहिलेल्यांत कमी शक्यतावाल्यांचं प्रमाण वाढत जातं. पण पुढचा आकडाही बघा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ८४ चे ९२ होतात. म्हणजे पहिल्या वर्षी राहिलेल्यांतल्या निम्म्यांना काही विशेष न करताही यश येतं.

म्हणून डॉक्टर म्हणतात की वर्षभर नियमित प्रयत्न करून काही झालं नाही तर तपासण्या सुरू करा. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांतच करा. पाळी फार अनियमित असेल, आधी पोटाचं ऑपरेशन किंवा क्षयरोग झालेला असेल तर थांबूच नका. (क्षयरोग गर्भनलिकांनाही होतो आणि भारतात वंध्यत्वाचं ते एक खरं, पण कमी बोललं जाणारं कारण आहे.) बाकीच्यांनी तिसऱ्या महिन्यात रडारड करण्याचं कारण नाही. २० टक्क्यांचा खेळ तीनदा हरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते.

पण 'नियमित' या शब्दात आमच्या पिढीची खरी गोची आहे.

गोंदिया ज्यांना फक्त रेल्वेच्या पाटीवर माहीत आहे त्यांच्यासाठी: महाराष्ट्राचं पूर्वेचं टोक, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. धान, राईस मिल, तेंदूपत्ता, नागझिरा, नवेगावबांध. आयटी कंपनी नाही. त्यामुळे इंजिनिअर झालेलं पोरगं महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून पुण्याला जातं. ही गाडी कोल्हापूरहून निघून पुणे, मनमाड, नागपूर करत आख्खा महाराष्ट्र ओलांडून गोंदियाला पोचते. आता आमच्याकडच्या कितीतरी घरांतली परिस्थिती अशी की नवरा हिंजवडीत आणि बायको आमगाव नाहीतर देवरी तालुक्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका, किंवा नर्स, किंवा तलाठी. सरकारी नोकरी कोण सोडणार? बदली होता होत नाही. भेट महिन्यातून एकदा, शनिवार-रविवार.

याचं गणित मांडून बघू. २८ दिवसांचं चक्र, ६ दिवसांची खिडकी, २ दिवसांची भेट. खिडकीला कुठेतरी तरी शिवेल अशी भेट सुरू होण्याचे दिवस येतात २८ पैकी ७. म्हणजे चार भेटींपैकी एक. वर्षात १२ वेळा नवरा घरी आला तर त्यातल्या सरासरी ३ भेटी कामाच्या, आणि त्यातही कधी खिडकीचा एकच दिवस हाती लागतो. घरचे म्हणतात "दोन वर्षं झाली, काहीच नाही", आणि मोजायला गेलं तर या जोडप्याने जेमतेम ६ महिने प्रयत्न केलेत! त्यांना डॉक्टरची गरज असेल किंवा नसेल, पण पहिली गरज आहे ती एका छताखाली राहण्याची, किंवा निदान तिकीट काढताना कॅलेंडर बघण्याची. याउलट दर शनिवार-रविवार जे भेटतात त्यांना चिंता नाही. सलग ६ दिवसांत शनिवार किंवा रविवार यातला एक तरी येतोच. आणि एकत्र राहणाऱ्यांनी तर ॲप, थर्मामीटर, किट यांच्या फार नादी लागू नये. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला तरी खिडकी आपोआप साधली जाते. ज्या जोडप्यांनी गुगल कॅलेंडरवर या गोष्टीचे इन्व्हाइट टाकलेत त्यांना विचारा, दोन महिन्यांत त्याची स्टँडअप मीटिंग होते.

हे सगळं डॉक्टरांनी पाच मिनिटं बसून विचारलं तर कळेल. "तुम्ही एकत्र राहता का?" एवढाच प्रश्न. पण ओपीडीत गर्दी असते, आणि प्रश्न विचारण्यापेक्षा तपासणी लिहिणं सोपं असतं.

आणि तपासणी कुणाची? आता आलो मुद्द्यावर.

माझ्या ओळखीच्या चार-पाच जोडप्यांच्या फाइली मी बघितल्यात. गोंदिया, नागपूर, पुणे, तीनही गावांतल्या. क्रम जवळजवळ ठरलेला. आधी तिचं थायरॉइड, प्रोलॅक्टिन. मग एएमएच. मग बीज केव्हा फुटतं ते बघायला दिवसाआड सोनोग्राफी, म्हणजे महिन्यात चार-पाच हाफ डे. मग नळ्या मोकळ्या आहेत का बघायला रंगीत औषध सोडून एक्स-रे, जो चांगलाच दुखतो. एका फाइलमध्ये दुर्बिणीची तपासणीही होती, म्हणजे भूल देऊन पोटाला छेद. आणि हे सगळं झाल्यावर, सहा-आठ महिन्यांनी, एका कोपऱ्यात लिहिलेलं: नवऱ्याची वीर्य तपासणी.

अरे, काय चाललंय काय? प्रॉडक्शनमध्ये बग आला तर आपण पहिल्यांदा काय करतो? जी गोष्ट सगळ्यात स्वस्त, सगळ्यात झटपट तपासता येते ती आधी बघतो. केबल लागली आहे का, डिस्क भरली आहे का. डेटाबेस रीइन्डेक्स करायला कुणी पहिल्याच तासात घेत नाही. वीर्य तपासणीला सुई नाही, भूल नाही, दुखत नाही, पैसे काही शे रुपये. २ ते ७ दिवस संबंध टाळायचा आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, बस्स. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. निम्मी शक्यता ज्या मॉड्यूलमध्ये आहे आणि ज्याची टेस्ट सगळ्यात स्वस्त आहे, ते मॉड्यूल शेवटी तपासायचं, हा कुठला न्याय?

कारण उघड आहे. नवरा तयार नसतो. आपल्याकडे या तपासणीला 'मर्दानगी'ची परीक्षा समजतात. रेल्वेने प्रवास करताना रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग', 'निःसंतान निराश न हों' अशा रंगवलेल्या जाहिराती बघितल्या असतीलच. पुरुषाच्या प्रजननाबद्दल समाजात उघडपणे लिहिलेली गोष्ट एवढीच, आणि तीही भोंदू वैद्याने. शुक्राणूंची संख्या आणि लैंगिक क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा अगदी ठणठणीत पुरुष, संबंधांत काहीही अडचण नाही, आणि रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य, असं होऊ शकतं. उलटही होऊ शकतं. हे दहावीच्या विज्ञानात शिकवायला हवं, पण तिथे सर तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडून देतात. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं त्याला जवळजवळ शंभर वर्षं होत आली. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ६ ऑगस्ट १९८६ ला. तंत्रज्ञान एवढं पुढे गेलं, आणि नवऱ्याने डबीत नमुना द्यायचा की नाही यावर घरात अजून वाद होतात.

रिपोर्ट आला तर तो वाचायचा कसा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा साधारण अशी: एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. हो, चारच टक्के. "९६ टक्के खराब" असं वाचून एक मित्र पांढराफटक पडला होता. आणि ही पास-नापासाची रेघ नाही. ज्यांना वर्षभरात मूल झालं अशा पुरुषांमधले तळाचे ५ टक्के जिथे संपतात ती रेघ आहे. एक रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी परत करायचा, कारण ताप, आजारपण याने आकडे खाली येतात.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आजच्या रिपोर्टमध्ये तुमचे गेले तीन महिने दिसतात, आणि आज केलेला बदल तीन महिन्यांनी दिसेल. बदल कसले? विदर्भातल्या लोकांनी पहिल्यांदा खर्रा सोडावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ ला बंदी आली, पण आमच्याकडे पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून देणारा हात काही थांबला नाही. पुण्यात हिंजवडीतसुद्धा विदर्भवाल्यांना ठेला बरोबर सापडतो. तंबाखू कुठल्याही मार्गाने गेली तरी शुक्राणूंना वाईट. दुसरं, मांडीवर लॅपटॉप. वृषणं शरीराबाहेर आहेत ती थंड राहायला. लॅपटॉप मांडीवर घेऊन तासभर बसलं तर तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढतं असं २००५ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. त्याने वंध्यत्व येतंच असं सिद्ध झालेलं नाही, पण टेबल फुकट आहे, वापरा ना. तिसरं, जिम. बॉडी बनवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी नीट ऐका: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं शुक्राणू बनवायचं काम थांबवतं. दंड फुगतात आणि काउंट शून्यावर येतो. डॉक्टरांपासून हे लपवू नका.

आता तो भाग, ज्यासाठी खरं म्हणजे हा लेख लिहायला घेतला. सिकलसेल.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा शब्द फारसा माहीत नसेल. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, आणि तिकडे नंदुरबार, इथे तो घरोघरी माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. अक्षरशः एक. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. १२० दिवस जगायची ती पेशी १०-२० दिवसांत संपते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि माणसाला हाडं कुणीतरी पिळतंय अशा वेदना होतात. हे ज्यांनी घरात बघितलंय त्यांना वर्णन करून सांगायला नको.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली असेल तर तुम्ही वाहक, म्हणजे एएस. वाहकाला बहुधा काहीच होत नाही. तो क्रिकेट खेळतो, कोड लिहितो, म्हातारा होतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर एसएस, म्हणजे आजार. आणि हा बग इतका पसरला का, याचंही उत्तर सुंदर आहे. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिलं. जिथे जंगल, पाणी आणि मलेरिया तिथे हा जनुक टिकला. आमचा जिल्हा त्यातलाच. निसर्गाने मलेरियावर घाईघाईत मारलेला पॅच आहे तो, साइड इफेक्टसकट.

दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएस बाळाची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के पूर्ण निरोगीची. 'प्रत्येक' या शब्दावर जोर आहे. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. नाण्याला मागचा टॉस आठवत नाही. आणि हा फक्त आदिवासींचा आजार आहे हा गैरसमजही सोडा. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि ओबीसी समाजांतही आहे. आपण लग्नं जातीतच करतो, त्यामुळे दोन वाहक भेटण्याची शक्यता वाढते. समजा एखाद्या समाजात १० टक्के वाहक आहेत, तर त्या समाजातल्या १०० पैकी १ जोडप्यात दोघेही वाहक असतील. २० टक्के असतील तर २५ पैकी १. वाहक दुप्पट झाले की धोका चौपट.

मी स्वतः वाहक आहे. कॉलेजात असताना एका शिबिरात कळलं. त्या कार्डाचं मला कधी काही वाटलं नाही, कारण मला काही होतच नव्हतं. बाळाचा विचार सुरू झाला तेव्हा पहिली गोष्ट केली ती बायकोची तपासणी. ती साताऱ्याची. "आमच्याकडे नसतं हे," असं तिच्या घरचे म्हणाले. पुण्यातल्या एका लॅबच्या काउंटरवरही "ही टेस्ट कशाला?" असं विचारलं. तरी केली, आणि नुसती सोल्युबिलिटी नाही, एचपीएलसी केली. हा फरक महत्त्वाचा आहे. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की आजारी, हे ती सांगत नाही. शिवाय जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असेल तर ते तिला दिसतच नाही. आणि एकाकडून सिकल, दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तरी बाळाला आजार होऊ शकतो. थॅलेसेमियाचे वाहक साताऱ्यात, पुण्यात, सगळीकडे सापडतात. रिपोर्टला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आम्ही दोघं घरात फार कमी बोललो. मी तिला एवढंच सांगितलं होतं की रिपोर्ट काहीही आला तरी पुढचं आपण दोघं ठरवू. रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे आमचं बाळ फार तर माझ्यासारखं वाहक असेल.

पण नॉर्मल आला नसता तर? तेही सांगितलं पाहिजे, कारण लोक रिपोर्टच्या भीतीने तपासतच नाहीत. दोघं वाहक असाल तर मूल होऊच द्यायचं नाही असं नाही. गर्भाची तपासणी करता येते: साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन, किंवा १६ आठवड्यांच्या आसपास गर्भजल घेऊन. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्याने लिंग सांगायला बंदी आहे, पण हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणी करायला तोच कायदा परवानगी देतो. बाळ एसएस निघालं तर गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय जोडप्याचा. ठेवला तरी पहिल्या दिवसापासून माहीत असणं म्हणजे पेनिसिलिन, लसी, पुढे हायड्रॉक्सियुरिया वेळेवर सुरू होणं. न कळता वाढणाऱ्या बाळापेक्षा ही परिस्थिती फारच बरी. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावर जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, पण अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आमच्या सालेकसा तालुक्यातल्या शेतमजुराच्या लेकरापर्यंत ते केव्हा पोचेल ते सांगायची गरज नाही. त्याच्यासाठी आज तरी उपाय एकच, आईबापाची वेळेवर तपासणी.

सरकार यात काही करत नाही असंही नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे लक्ष्य ठेवून. कार्डं वाटली जातात आणि लग्नाआधी पत्रिकेऐवजी कार्डं जुळवा असं सांगितलं जातं. कल्पना चांगली आहे. माझा आक्षेप कार्ड वापरण्याच्या आपल्या पद्धतीवर आहे. मुलीचं कार्ड एएस निघालं की स्थळ मोडतं, मुलाचं एएस असलं तर त्याचं कार्डच कुणी मागत नाही! म्हणून मुलीकडचे तपासायचंच टाळतात. अरे बाबांनो, एकटं एएस कार्ड काहीच सांगत नाही. दोन कार्डं शेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थच नाही. इथे तर गणितच दोघांचं आहे, एकटीला दोषी धरायची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. तरी आपण ती शोधून काढतोच.

दुसरं, मोहिमेचा सगळा जोर जंगलातल्या गावांवर. बरोबरच आहे. पण त्या गावांतून निघून जे पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत गेले त्यांचं काय? गाव सुटलं तरी जनुक आपल्याबरोबरच येतो. तिकडच्या डॉक्टरला गोंदिया कुठे आहे हे माहीत नसतं, तो विचारणार नाही. तुम्हालाच सांगावं लागेल, "मी पूर्व विदर्भाचा आहे, आमच्याकडे सिकलसेल आहे, तपासून द्या."

"मनस्ताप कशाला वाढवायचा, देव देईल तसं घ्यावं," असंही काही जण म्हणतात. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवून एवढंच विचारतो, की जे देव देणार तेच घ्यायचं असेल तर वर्षभरात दिवस गेले नाहीत म्हणून सुनेला चार डॉक्टर आणि दोन बाबांकडे का फिरवता? तिथे मात्र देवावर विश्वास पुरत नाही.

असो. फार लांबलं. ज्यांना फक्त यादी हवी असते (मलाही हवी असते) त्यांच्यासाठी:

१. प्रयत्न सुरू करायच्या आधी दोघांचीही एचपीएलसी. विदर्भ, खानदेशातले असाल तर सक्तीची समजा. बाकीच्यांनी थॅलेसेमियासाठी करा.

२. तिने फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्नांच्या निदान एक महिना आधीपासून. बाळाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. रुबेलाची लस झाली आहे का तेही विचारा. ती दिवस गेल्यावर देत नाहीत.

३. त्याने खर्रा, सिगरेट, इंजेक्शनं बंद. आजपासून तीन महिने मोजा.

४. वेगवेगळ्या गावांत राहत असाल तर महिने मोजू नका, खिडक्या मोजा. किती सुटल्या, किती मिळाल्या.

५. वर्षानंतर (३५ च्या पुढे ६ महिन्यांनी) डॉक्टरकडे जाल तेव्हा पहिली फाइल नवऱ्याच्या नावाची काढा. डॉक्टरने लिहून दिली नाही तर मागून घ्या. तिच्या नळ्यांचा एक्स-रे होण्याआधी तुमचा रिपोर्ट टेबलावर असला पाहिजे.

६. "गुड न्यूज?" असं कुणी विचारलं तर उत्तर नवऱ्याने द्यायचं. "आमच्या दोघांच्या तपासण्या चालू आहेत" हे वाक्य पाठ करा. 'दोघांच्या' वर जोर. हे एकदा चार माणसांत बोलून बघा, पुढचे सहा महिने कुणी विचारत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात परिणामकारकही. आम्ही तो वापरतोय. हे लिहितोय तेव्हा आमचा नववा महिना चालू आहे. दचकू नका, प्रयत्नांचा! आकडेवारीप्रमाणे अजून घाबरायचं कारण नाही. दर महिन्याला वाईट वाटतं ते वाटतंच, तिलाही आणि मलाही, त्यावर आकडेवारीचा काही उपाय नाही. पण फाइल दोघांच्या नावाची आहे. तुमची नसेल तर सोमवारी बदलून घ्या.